कापावे की थांबावे?

मंडळी, घरात कुणाचे पोट दुखू लागले की आपण काय करतो? कोणी ओवा चावायला देते, कोणी शेक देते, कोणी एरंडेल पाजते. पुष्कळदा दुखणे थांबतेही. पण बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारी कळ निराळी. मोठ्या आतड्याच्या आरंभी करंगळीएवढे आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स असते. ते सुजले तर कापावे की थांबावे, हा वाद फार जुना आहे.

पूर्वी डॉक्टर या रोग्याला अफू देऊन निजवून ठेवीत. कळ शमे, पण आत आंत्रपुच्छ फुटे आणि पू पोटभर पसरे. १८८६ साली अमेरिकेत बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी अशा २५७ रोग्यांची माहिती तपासली. रोगाचे मूळ या लहानशा अवयवात आहे, सबब शस्त्रक्रिया वेळेवर करा, असे त्यांनी बजावले.

सगळ्यांना ते पटले नाही. लंडनचे नामांकित शल्यविशारद फ्रेडरिक ट्रीव्हज यांचा कल थांबण्याकडे होता. आधी ठणका ओसरू द्यावा, मग कापावे, असे ते म्हणत. १९०० साली त्यांची स्वतःची धाकटी मुलगी याच रोगाने दगावली. पुढे १९०२ साली राजा सातवा एडवर्ड राज्याभिषेकाच्या तोंडावर याच दुखण्याने अंथरुणाला खिळला. समारंभ २६ जूनला ठरलेला. राजा काही केल्या तो पुढे ढकलायला तयार होईना. अखेर २४ जूनला राजवाड्यातच ट्रीव्हज यांनी गळू फोडून पू काढला. गंमत अशी की आंत्रपुच्छ त्यांनी कापलेच नाही. राजा बरा झाला आणि ९ ऑगस्टला त्याला राज्याभिषेक झाला.

त्यानंतर आंत्रपुच्छ सुजले की कापायचे, हीच रीत पडली. तिने असंख्य जीव वाचवले. पण प्रत्येकाला सुरी लागतेच का? फिनलंडमधल्या डॉक्टरांनी, स्कॅन काढून ज्यांचे आंत्रपुच्छ फुटलेले नाही अशी खात्री झाली, त्यांतल्या काही प्रौढ रोग्यांना नुसती जंतुनाशक औषधे दिली. २०१५ साली निष्कर्ष आला: शंभरातल्या सुमारे ७३ जणांना वर्षभर ऑपरेशन लागले नाही. मात्र पाच वर्षांत सुमारे ३९ जणांचे दुखणे उलटले.

तेव्हा मंडळी, थांबणे दोन प्रकारचे असते. तपासणी करून, डॉक्टरांच्या नजरेखाली थांबणे हा उपचार आहे. घरी एरंडेल पाजून थांबणे हा घात आहे. जुलाबाने सुजलेले आंत्रपुच्छ फुटण्याचे भय असते. कळ उजवीकडे सरकली, ताप-ओकारी सुरू झाली, पोट लाकडासारखे कडक लागले, तर रात्र असो की पेरणीचे दिवस असोत, गाडी जुंपा, मोटार गाठा, दवाखाना जवळ करा. कापायचे की नाही ते तिथे ठरेल. वेळेवर पोचणे मात्र आपल्या हाती आहे.