कुलपाचे गुपित आणि किल्लीचे गुपित

बिनतारी संदेश वाटेत कोण ऐकेल याचा नेम नसतो. म्हणूनच प्रश्न पडतो, की सुरक्षितता कुलपाची रचना लपविण्यात आहे, की किल्ली जपण्यात? हॉलंडात जन्मलेल्या ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषाशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये एका फ्रेंच लष्करी नियतकालिकातून याचे उत्तर दिले. संकेताची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त राहावी ती किल्ली, असा त्याचा आशय.

सव्वाशे वर्षांनी त्याच्याच मायभूमीला हा धडा पुन्हा गिरवावा लागला. तेथे ट्राम, बस व आगगाडी यांच्यासाठी एकच कार्ड आले. त्यात १९९४ पासून विकली जाणारी 'मायफेअर क्लासिक' ही चिप होती. अशा कार्डात विजेरी नसते. यंत्राच्या बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे कार्डातील वेटोळ्यात वीज खेळते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखविलेले तत्त्व ते हेच. मग बोटाबोटांच्या अंतरावरून दोघांचे संभाषण चालते. या चिपची किल्ली अवघी ४८ बिटांची होती आणि संकेताची पद्धत कंपनीने गुप्त ठेवली होती.

डिसेंबर २००७ मध्ये कार्स्टेन नोल व हेन्रिक प्लोट्झ यांनी बर्लिन येथे आपले काम मांडले. चिपचे थर खरवडून, सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेऊन त्यांनी तिची रचना वाचली होती. मार्च २००८ मध्ये नाइमेखेनच्या राडबाउड विद्यापीठाने यंत्राशी झालेल्या संभाषणावरून किल्ली काढून कार्डाची नक्कल करता येते, हे दाखविले. एनएक्सपी कंपनीने हा निबंध रोखण्यासाठी न्यायालय गाठले. आर्नहेमच्या न्यायालयाने १८ जुलै २००८ रोजी मनाई नाकारली. नुकसान होते ते निबंधाने नव्हे, सदोष चिप विकल्याने, असे त्याचे म्हणणे पडले.

हा निकाल आपल्याही खिशाशी संबंधित आहे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंतची रक्कम पिन न देता, नुसते कार्ड टेकवून देता येऊ लागली. बँकेचे कार्ड दर व्यवहाराला नवा सांकेतिक अंक तयार करते आणि त्याची पद्धत जगजाहीर आहे. चोरून ऐकलेला अंक दुसऱ्या खरेदीला चालत नाही. मात्र हरवलेले कार्ड ताबडतोब बंद करविणे, हे काम ज्याचे त्यानेच करावयाचे आहे.

तेव्हा 'आमची पद्धत कोणालाच ठाऊक नाही' असे कोणी अभिमानाने सांगू लागला, तर नागरिकाने निर्धास्त होऊ नये. ती पद्धत कोणी तपासली आहे काय, एवढे त्याने अवश्य विचारावे.