जलदुर्गांवरचा मुक्काम: रायगड किनाऱ्यावरील शिबंदीची राहणी

थळपासून मुरूडपर्यंतच्या किनाऱ्यासमोर समुद्रात पाच किल्ले आहेत: खांदेरी, उंदेरी, कुलाबा, पद्मदुर्ग आणि जंजिरा. रेवदंड्याच्या खाडीच्या मुखाशी, तीन बाजूंनी पाणी असलेल्या डोंगरावर, कोर्लईचा गडही आहे. या किल्ल्यांचा इतिहास बहुधा लढायांच्या अंगाने सांगितला जातो. प्रत्यक्षात तिथल्या शिबंदीच्या वाट्याला लढाईचे दिवस थोडे आणि नुसते राहण्याचे दिवस फार येत. गोडे पाणी, साठवलेले धान्य, कोरडे सरपण आणि पावसात टिकणारे छप्पर एवढ्यावर हा मुक्काम चाले. यांतले एकही तुटले, तर तटाची उंची आणि तोफांची संख्या कामाला येत नसे. म्हणूनच या किल्ल्यांचे बळ मोजताना बुरुजांइतकेच तळी आणि कोठारे पाहिली पाहिजेत.

पहिला प्रश्न पाण्याचा. चारी बाजूंनी खारे पाणी असलेल्या खडकावर गोडे पाणी मिळाले, तरच तिथे माणूस राहू शकतो. अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्यात मोठे तळे आणि गोड्या पाण्याची विहीर आहे. जंजिऱ्यात दोन मोठे तलाव आहेत आणि तो किल्ला कोणालाच घेता आला नाही याच्या कारणांत त्यांचा क्रम वरचा लावावा लागेल. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात गडाची जागा निवडताना आधी पाणी पाहावे, ते नसेल तर खडक फोडून टाकी बांधावीत, असे सांगितले आहे. एखादा झरा पुरतो आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण युद्धात तोफांच्या आवाजाने झरे आटतात, असेही त्यात म्हटले आहे. वेढ्यात अडकलेल्या माणसांचा अनुभव या सूचनेमागे दिसतो.

अगदी कमी साधनांवर केलेला मुक्काम पाहायचा, तर खांदेरीचा १६७९ चा पावसाळा पाहावा. थळच्या किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटरवरच्या या बेटावरून मुंबई बंदरात जाणारे-येणारे प्रत्येक जहाज दिसते. शिवाजी महाराजांनी १६७२ मध्ये ते बांधायला घेतले होते, पण इंग्रज आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांच्या विरोधामुळे काम थांबले. १६७९ च्या ऑगस्टअखेरीस मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरले. तट नव्हता आणि घरेही नव्हती. समुद्र अजून पुरता शांत झाला नव्हता. अशा स्थितीत राहण्याचा आडोसा आणि लढण्याचा आडोसा एकाच वेळी उभा करायचा होता, तोही इंग्रजांच्या नजरेसमोर.

इंग्रजांनी सप्टेंबरात जहाजे पाठवली. बेटावर बाहेरून धान्य आणि माणसे पोचू दिली नाहीत, तर मराठे आपोआप निघून जातील असा त्यांचा हिशेब होता. १९ सप्टेंबरला बेटावर उतरण्याचा प्रयत्न करताना त्यांचा अधिकारी थॉर्प मारला गेला. पुढे रिव्हेंज आणि हंटर या जहाजांसह कॅप्टन मिंचिन आणि केग्विन आले. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या मराठी आरमाराशी त्यांची लढाई झाली, त्यात डव्ह हे इंग्रजी जहाज मराठ्यांच्या हाती लागले. पण खांदेरी टिकली ती या एका दिवसामुळे नाही. उथळ पाण्यातून, वाऱ्याविरुद्ध वल्हवत जाणाऱ्या लहान मराठी होड्या रात्री पहारा चुकवून बेटावर सामान पोचवत राहिल्या. इंग्रजांची शिडाची जहाजे वाऱ्याच्या मर्जीवर चालत आणि जास्त खोल पाणी मागत. त्यांना या होड्या अडवता आल्या नाहीत. वल्हेकऱ्यांची नावे इतिहासात आली नाहीत. त्या वर्षीचे खरे काम मात्र त्यांचेच होते. नोव्हेंबरात सिद्दी कासम इंग्रजांच्या जोडीला आला आणि जानेवारी १६८० मध्ये त्याने शेजारची उंदेरी बळकावली. इंग्रजांनी लवकरच तह केला, पण खांदेरी आणि उंदेरी या दोन शत्रूंच्या ठाण्यांमधले अंतर जेमतेम सव्वा किलोमीटर होते. पुढची सुमारे ऐंशी वर्षे खांदेरीवरच्या शिबंदीला समोरच्या तोफांच्या टप्प्यातच जेवावे आणि झोपावे लागले.

धान्याचा मामला पाण्याइतकाच नाजूक होता, आणि त्याची नाडी किनाऱ्यावरच्या अंमलदारांच्या हाती होती. जंजिऱ्याला शह देण्यासाठी मुरूडसमोरच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधला जात असताना तिथल्या लोकांसाठी रोख रक्कम आणि धान्य पोचवण्याचे काम प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांच्याकडे होते. ती मदत वेळेवर गेली नाही. जानेवारी १६७५ मधल्या पत्रात शिवाजी महाराजांनी त्यांना फार कडक शब्दांत जाब विचारला. ऐन प्रसंगी रसद अडवणारा माणूस शत्रूला फितूर असल्याचा संशय त्यात आहे आणि जातीकडे पाहून गय केली जाणार नाही अशी ताकीदही आहे. राजाने एका बेटावरच्या गवंड्या-शिपायांच्या शिध्यासाठी इतके उतरून लिहावे, यात त्या कारभाराचा स्वभाव कळतो. पद्मदुर्गाच्या तटात आजही एक विलक्षण गोष्ट दिसते: लाटांनी दगड झिजले, पण त्यांमधला चुना तसाच राहिला आहे. बांधणाऱ्यांच्या हातचे काम रसदीच्या ओढाताणीतही कच्चे राहिले नाही.

कोकणात पावसाळा हा मुक्कामाचा सर्वांत कठीण काळ. ज्येष्ठ लागला की समुद्र बंद होतो, तो नारळी पौर्णिमेपर्यंत. तेवढे महिने किल्ल्यावर जे साठवले असेल त्यावरच भागवायचे. जमिनीवरच्या छावणीलाही हाच नियम होता. चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी उतरलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. साठवलेला दाणागोटा आधीच उधळलात, तर भर पावसात घोडी मरतील. मग तुमचे लोक कुणब्यांच्या घरी जाऊन दाणे, भाकरी, गवत, फाटे, भाजी आणू लागतील आणि ती गरीब माणसे गाव सोडतील, असे त्यात बजावले आहे. पाठोपाठ आगीची सूचना येते. कुणी गवताजवळ चूल पेटवील, कुणी चिलीम ओढील, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळी गंजी जळेल. छावणीत राहिलेल्या माणसालाच सुचाव्यात अशा या गोष्टी आहेत.

ही भीती पोकळ नव्हती. कुलाबा किल्ल्यावर १७२९ मध्ये पिंजरा बुरुजाजवळ आग लागून अनेक इमारती नष्ट झाल्या. मराठा आरमाराचे प्रमुख, सरखेल कान्होजी आंग्रे यांचा मृत्यूही त्याच वर्षीचा. १७८७ च्या दुसऱ्या आगीत आंग्र्यांचा वाडा गेला. लाकडी खांब-तुळयांची दाट घरे, समुद्राचा वारा आणि आतच दारूगोळा, असे ते एकत्र राहणे होते.

घरांबाबत आज्ञापत्राचा दंडक साधेपणाचा आहे. गडावर राजमंदिराखेरीज मोठ्या इमारतीचे घर बांधू नये. रस्त्यावर, बाजारात, तटाशी केरकचरा पडू देऊ नये. झाडलेला केर गडाखाली न टाकता जागच्या जागी जाळावा, राख परसात घालावी आणि घरोघर भाजीपाला करावा. कोंडलेल्या जागी रोगराई टाळायची आणि ताजे अन्नही मिळवायचे, या दोन्ही गरजा या एका सूचनेने भागतात. वस्तीचा कारभार हवालदार, सरनौबत, सबनीस आणि कारखानीस यांच्यात वाटलेला असे. पहारा आणि किल्ल्या एकाकडे, हजेरी आणि हिशेब दुसऱ्याकडे, कोठार तिसऱ्याकडे, त्यामुळे एकट्या माणसाच्या फितुरीने गड जाणे अवघड होई. आरमाराच्या पावसाळी छावणीचाही विचार झाला होता: दरसाल एकाच बंदरी आरमार ठेवू नये, कारण कितीही धाक असला तरी खलाशांचा उपद्रव गावाला होतोच.

परक्या फौजांनाही या किनाऱ्यावर उतरावे लागले. डिसेंबर १७२१ मध्ये कुलाबा घेण्यासाठी इंग्रज आणि पोर्तुगीज यांची एकत्र फौज चौलला जमली. इंग्रज नौदलाचा प्रमुख मॅथ्यूज आणि पोर्तुगीज व्हाइसरॉय यांचे जमले नाही, हल्ला फसला आणि बाजीराव पेशवे आंग्र्यांच्या मदतीला आल्यावर पोर्तुगीजांनी १७२२ च्या जानेवारीत वेगळा तह करून टाकला. पोर्तुगीजांचे इथले वास्तव्य मात्र जुने होते. कोर्लई त्यांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतली आणि १७४० मध्ये सोडली. शिबंदी गेली, तरी किल्ल्याच्या आश्रयाने वाढलेली ख्रिस्ती वस्ती गावातच राहिली आणि तिची पोर्तुगीज-मराठी मिश्रणाची बोली पायथ्याच्या वाडीत अजून बोलली जाते.

आंग्र्यांचे संस्थान १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने खालसा केले. १८४२ मध्ये कुलाब्यातल्या घरांचे लाकूड लिलावात गेले आणि दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या कामाला लावले गेले. तटाच्या आत आता तळे, थोडी जोती आणि राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे देऊळ आहे. खांदेरीवर १८६७ मध्ये दीपगृह उभे राहिले आणि शिपायांच्या जागी दिवा सांभाळणारे राहू लागले. वेताळाचे ठाणे मात्र कोळ्यांनी सोडले नाही. जंजिऱ्यात वस्ती सर्वांत जास्त काळ टिकली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर तिथली कुटुंबे किनाऱ्यावर उतरली.