बोदलकसाच्या पाळीवरून दिसलेला दुष्काळ

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून बोदलकसा तलाव आहे. पर्यटक इथे पाणी आणि पक्षी पाहायला येतात. मीही त्यासाठीच गेलो होतो. पण पाळीवर उभा असताना एका प्रश्नाने मला घेरले. वर्षाला बाराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखात माणसे उपासमारीने मेली कशी?

त्याचे उत्तर धानाच्या शेतात आहे. धानाला एकूण पाऊस किती झाला यापेक्षा तो कधी झाला, हे महत्त्वाचे असते. सप्टेंबरअखेर पाऊस रुसला, तर उभे पीक लोंबी भरण्याआधीच वाळते. जुन्या लोकांना हे ठाऊक होते. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाखालची जमीन देण्याची रीत ठेवली आणि कोहळी समाजाने पूर्व विदर्भात तलावांची साखळी उभी केली. हा राजकीय निर्णयच होता, पावसाच्या लहरीवर शोधलेला तोडगा.

1860 च्या दशकात इंग्रजांनी मालगुजारांना गावाची मालकी दिली, तेव्हा तलावही त्यांचे झाले. मात्र ‘वाजिब-उल-अर्ज’ या गावच्या दस्तऐवजात रयतेचे हक्कही नोंदले जात. पाणी कुणाला आणि पाळीची डागडुजी कुणी करायची, हे गावात ठरलेले असे. ही व्यवस्था न्याय्य होती असे मी म्हणणार नाही. वेठबिगार त्यातच होती. भूमिहीनाच्या वाट्याला श्रम येत, पाणी नाही. पण तलावाला वाली होता.

मग 1896-97 आला. मध्य प्रांतात पाऊस आधीच सोडून गेला. सरकारजवळ दुष्काळ संहिता होती, रेल्वे होती, तरीही मदत उशिरा आणि अपुरी पोहोचली. 1899 मध्ये पावसाने त्याहून मोठा दगा दिला, पण या वेळी प्रांताच्या प्रशासनाने कामे लवकर काढली, हात मोकळा ठेवला आणि कितीतरी जीव वाचले. आकाश दोन्ही वेळी कोरडे होते. फरक होता तो राज्यकर्त्यांच्या वागण्यात. तरीही 1891 ते 1901 या दशकात प्रांताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

या आघातानंतर 1901-03 च्या पाटबंधारे आयोगाने मध्य प्रांतात सिंचनाची कामे सुचवली. त्यानंतरच्या वर्षांत सरकारने इथे मोठे तलाव बांधायला घेतले. बोदलकसा त्याच काळातला, 1917 सालचा. म्हणजे ज्या पाळीवर मी उभा होतो, ती शहाणपणाची असली तरी उशिराच्या शहाणपणाची होती.

स्वातंत्र्यानंतर 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली. हे योग्यच झाले. पण 1951 मध्ये तलाव सरकारजमा झाले आणि गावाचा त्यावरचा हात सुटला. पूर्वी हक्काने मिळणाऱ्या पाण्यावर कर आला, त्यावरून तंटे झाले. पाळ फुटली तर ती बांधायची कोणी, या प्रश्नावर गाव कचेरीकडे बोट दाखवू लागले आणि कचेरी निधीकडे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. त्यांतल्या कितीतरी तलावांत आज गाळ आणि बेशरमीची झुडपे आहेत. पाणी आटले की ढिवरांची मासेमारी बसते, शिंगाडा जातो आणि मजूर कामासाठी नागपूरची वाट धरतो.

हवामान बदलाने जुन्याच दुखण्याला धार आणली आहे. आठवडाभराचा पाऊस एका दिवसात कोसळतो, मग दीर्घ उघडीप. अशा वेळी पाणी थोपवून धरणारा तलाव हाच आधार. आपल्याकडे मात्र सरकार बदलले की योजना बदलते. 2014 मध्ये ‘जलयुक्त शिवार’ आले, पुढच्या सरकारने ते थांबवले, 2023 मध्ये ते पुन्हा सुरू झाले. गाळ मात्र निवडणुकीची वाट पाहत नाही. तो दर पावसाळ्यात साचतो.

दुष्काळाला आपण ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणतो, तेव्हा कुणीतरी जबाबदारीतून सुटत असते. पाऊस कुणाच्या हातात नाही. तलाव कुणाच्या हातात असावा, हे मात्र आपणच ठरवतो. गावाला पाण्यावर हक्क द्यायचा आणि त्या हक्कात भूमिहीनालाही वाटेकरी करायचे, हे काम गोंड राजांना जमले नाही, इंग्रजांना नको होते आणि आपल्या प्रजासत्ताकाने अजून मनावर घेतलेले नाही.

परतताना मी पाळीकडे पुन्हा एकदा पाहिले. शंभराहून अधिक वर्षे ती पाणी अडवून आहे. तिच्याएवढा टिकाऊ निर्णय आपण शेवटचा कधी घेतला?