उत्तर प्रदेश : दहावीचा निकाल नव्वद टक्के, तिसरीचे वाचन अठ्ठावीस टक्क्यांवर

लखनौ : उत्तर प्रदेश माध्यमिक शिक्षण परिषदेच्या हायस्कूल, म्हणजेच दहावीच्या परीक्षेत २०२५ मध्ये ९०.११ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. १९९२ मध्ये हे प्रमाण अवघे १४.७० टक्के होते. मात्र या दोन आकड्यांवरून राज्यातील शिक्षण सहापट सुधारले, असे म्हणता येत नाही.

१९९२ मध्ये कल्याण सिंह सरकारने, राजनाथ सिंह शिक्षणमंत्री असताना, परीक्षेतील कॉपी अजामीनपात्र गुन्हा ठरवली आणि निकाल कोसळला. डिसेंबर १९९३ मध्ये सत्तेवर आलेल्या मुलायमसिंह यादव यांच्या सरकारने तो कायदा रद्द केला. २०१८ मध्ये पुन्हा बंदोबस्त कडक होताच दहा लाखांहून अधिक परीक्षार्थी गैरहजर राहिले. दहावीचा निकाल ८१.१८ वरून ७५.१६ टक्क्यांवर उतरला. करोनामुळे २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही, तेव्हा ९९.५३ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण ठरले! निकालाचा हा आलेख विद्यार्थ्यांच्या आकलनापेक्षा परीक्षेच्या व्यवस्थेचाच अधिक निदर्शक आहे.

दीर्घकालीन तुलनेसाठी अधिक उपयुक्त ठरते ते ‘प्रथम’ संस्थेचे ‘असर’ सर्वेक्षण. २००५ पासून होत असलेल्या या सर्वेक्षणात स्वयंसेवक गावातील घरी जाऊन मुलांना अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. चाचणीचे स्वरूप कायम असल्याने वर्षावर्षांची तुलना शक्य होते. सर्वेक्षण ग्रामीण भागापुरते असल्याने लखनौ शहर त्यात येत नाही.

राज्यातील सरकारी शाळांत तिसरीच्या वर्गातील, दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये १२.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते १६.४ आणि २०२४ मध्ये २७.९ टक्के झाले. याच काळात देशाची सरासरी २०.९ वरून १६.३ पर्यंत घसरून २३.४ टक्क्यांवर आली. शाळा दीर्घकाळ बंद राहूनही उत्तर प्रदेशाचा आकडा घसरला नाही, ही बाब लक्षणीय आहे. मूलभूत वाचन व अंकज्ञानावर भर देणारे ‘निपुण भारत’ अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झाले होते. तरीही तिसरीतील दर चार मुलांपैकी जवळपास तिघांना आदल्या इयत्तेचा मजकूर वाचता येत नाही.

२०१८ मध्ये तिसरीत असलेली मुले इयत्ता न चुकता पुढे सरकली असतील, तर २०२५-२६ या शैक्षणिक वर्षात ती दहावीत पोहोचतात. त्यांचे पाचवीचे वर्ष बहुतांशी शाळा बंद असतानाच सरले होते.