केशवरावांची कंपनी



८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेल्या या वास्तूसाठी सारे गाव हळहळले, आणि त्या हळहळीत जो तो केशवरावांच्या गळ्याची आठवण काढू लागला. मला मात्र त्यांच्या गळ्याविषयी बोलण्याचा अधिकार नाही. माझे आयुष्य कामगारांच्या सभा घेण्यात गेले. मी बोलणार ते केशवरावांच्या कारखान्याविषयी.

कारखाना हा शब्द जाणूनबुजून वापरतो. त्या काळची नाटक मंडळी म्हणजे एकच बिऱ्हाड आणि एकच भटारखाना. पोरवयात भरती झालेल्या मुलाचे जेवण, शिक्षण आणि मुक्काम सारे मालकाच्या हाती. आवाज गोड तोवर त्याचे कौतुक; तो फुटला की पुढे काय, याची हमी कोण देणार? गरीब घरातले केशवराव असेच लहानपणी स्वदेशहितचिंतक मंडळीत दाखल झाले आणि 'शारदे'च्या भूमिकेने पोरवयातच गाजले. आमच्या पुढाऱ्यांपैकी किती जण इतक्या कोवळ्या वयात कामाला जुंपले गेले असतील?

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळीस त्यांनी 'ललितकलादर्श' काढली. वय अवघे सतरा! नोकर होता तो धनी झाला. असे धनी मी पुष्कळ पाहिले आहेत. कालचा सोबती आज हुकूम सोडू लागतो. केशवराव रागावत नसत असे मी म्हणत नाही, पण त्यांनी कंपनी केवळ स्वतःच्या तानांवर उभी केली नाही, हे महत्त्वाचे. गाण्याच्या तालमीसाठी त्यांनी रामकृष्णबुवा वझ्यांसारखा गुरू आणला. नाटके निवडताना नुसता गल्ला पाहिला नाही. हिराबाई पेडणेकरांचे 'दामिनी' त्यांनी रंगभूमीवर आणले. एका स्त्रीने लिहिलेले नाटक, आणि तेही त्या काळात! वीर वामनराव जोशांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' घेतले. १९१६ साली मामा वरेरकरांचे हुंड्यावरचे 'हाच मुलाचा बाप', १९१९ साली 'संन्याशाचा संसार'. प्रेक्षक पौराणिक पदांना सरावलेला असताना त्याच्याच घरातले दुखणे त्याच्यापुढे मांडायचे, यास धाडस लागते.

८ जुलै १९२१ चा 'संयुक्त मानापमान' सर्वांस ठाऊक आहे. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर झाले. दोन स्पर्धक मंडळ्या एका कामासाठी एकत्र आल्या. आम्हा संघटनावाल्यांना तर दोन युनियनांचे एक पत्रक काढतानाही घाम फुटतो. त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत तोच, ४ ऑक्टोबरला, केशवराव विषमज्वराने गेले. वय एकतीस.

गायक गेला की त्याची कंपनी मोडायची, अशी रीत होती. ललितकलादर्श मोडली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती सांभाळली. त्याच मंडळीने पुढे १९३२ साली वरेरकरांचे 'सोन्याचा कळस' केले. ते गिरणी कामगारांवरचे नाटक आहे.