टूर द फ्रान्समधील स्प्रिंटर : एका व्यवसायाची घडण

टप्प्याटप्प्यांच्या सायकल शर्यतींची कल्पना रुजली तेव्हा स्प्रिंटर, म्हणजे अखेरच्या दोनएकशे मीटरमध्ये इतरांहून अधिक वेग गाठणारा सायकलपटू, आयोजकांच्या मनात फारसा नव्हता. ‘ल'ऑतो’ या वृत्तपत्राचा खप वाढावा म्हणून त्याचा संपादक आंरी देग्रांज याने 1903 मध्ये टूर द फ्रान्स सुरू केली, तेव्हा सहा टप्प्यांत मिळून 2428 किलोमीटर अंतर कापायचे होते. एकेक टप्पा सरासरी चारशे किलोमीटरचा असल्याने कस लागे तो चिवटपणाचा. 1910 मध्ये पिरेनीज आणि 1911 मध्ये आल्प्स पर्वतातील घाट मार्गात आले, आणि भक्कम मांड्यांच्या वजनदार गड्याला ही शर्यत जिंकणे पुढे जवळजवळ अशक्य का झाले, याचे मूळ तेथेच आहे.

तरीही स्प्रिंटरला उपकारक ठरेल अशी एक पद्धत याच काळात वापरात होती. 1904 च्या शर्यतीतील फसवणुकीच्या प्रकारांनंतर 1905 पासून 1912 पर्यंत विजेता एकूण वेळेवर न ठरता गुणांवर ठरे; प्रत्येक टप्प्यातील क्रमांक हेच गुण धरून त्यांची बेरीज होई आणि ती सर्वांत कमी असलेला जिंके, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला चाकभर अंतराने हरवले काय किंवा तासाने हरवले काय, फळ सारखेच असे. 1913 मध्ये ही मोजणी टाकून पुन्हा घड्याळाचा आधार घेण्यात आला. त्यानंतर स्प्रिंटरला टप्पे जिंकता येत, पण एकूण क्रमवारी हाती लागत नसे, हे शार्ल पेलिसिएच्या 1930 च्या कामगिरीवरून दिसते : आठ टप्पे त्याच्या नावावर लागले आणि एकूण स्थान मात्र नववे राहिले.

टाकून दिलेली मोजणी 1953 मध्ये, शर्यतीच्या पन्नासाव्या वर्षी, निराळ्या रूपाने परतली. मुख्य क्रमवारीला धक्का न लावता गुणांची स्वतंत्र क्रमवारी सुरू झाली, तिच्या अग्रेसराला ‘ला बेल जार्दिनिएर’ या कपड्यांच्या पेढीने पुरस्कृत केलेली हिरवी जर्सी मिळू लागली, आणि पहिल्या वर्षी ती स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ शेअरने मिळवली. 1959 पासून क्रमांकांची बेरीज जाऊन वरच्या क्रमांकांना अधिक गुण देण्याची आजची रीत आली. या जर्सीला सर्रास स्प्रिंटरची जर्सी म्हणतात, परंतु ती सर्वांत वेगवान गड्याला मिळतेच असे नाही, कारण ती नियमितपणाचे मोल करते : एरिक झाबेलने 1998 आणि 1999 मध्ये, तर पेटर सागानने 2014 आणि 2015 मध्ये एकही टप्पा न जिंकता ती पटकावली.

शुद्ध वेगावर जगणाऱ्याला याहून मोठा आधार मिळाला तो संघरचनेचा. पुढच्या सायकलच्या आडोशाला राहणाऱ्याला वाऱ्याचा विरोध पुष्कळच कमी सोसावा लागतो. म्हणून शेवटच्या काही किलोमीटरमध्ये सहकारी एकामागे एक रांग धरून वेग इतका वाढवतात की कोणी निसटून पुढे जाऊ शकत नाही, आणि प्रत्येक जण दमताच बाजूला होत शेवटी स्प्रिंटरला मोकळे सोडतो. या रांगेला शर्यतीच्या भाषेत ‘ट्रेन’ म्हणतात. बेल्जियमच्या रिक व्हान लोयच्या सहकाऱ्यांनी तिचा पाया घातला, 1990 च्या दशकात मारिओ चिपोलिनीच्या लाल पोशाखातील साएको संघाने ती नावारूपाला आणली, आणि मार्क कॅव्हेंडिशने 2008 ते 2011 या चार वर्षांत टूरचे 20 टप्पे जिंकले ते अशाच रांगेच्या जोरावर. मात्र पिवळ्या जर्सीचा, म्हणजे एकूण विजेतेपदाचा, दावेदार संघात असला की ही माणसे त्याच्या दिमतीला जातात. 2012 मध्ये विश्वविजेता असलेला कॅव्हेंडिश विगिन्स या अशाच दावेदाराच्या संघात सहकाऱ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या वाहताना दिसला.

खरी झुंज मात्र घाटात, आणि तीही शर्यतीच्या शेपटाशी चालते. टप्पा किती अवघड आहे आणि विजेत्याचा वेग किती होता हे पाहून विजेत्याच्या वेळेवर ठरावीक टक्के वाढवून मर्यादा काढली जाते. विजेत्याला पाच तास लागले आणि मर्यादा बारा टक्के असली, तर 36 मिनिटांहून उशिरा येणारा बाद होतो. म्हणून एरवी एकमेकांचे वैरी असलेले स्प्रिंटर घाटात ‘ग्रुपेत्तो’ नावाचा जथा करून, हिशेबाने चढत, मर्यादेच्या आत पोहोचू पाहतात. मोठा जथाच बाहेर राहिला तर पंच त्याला सहसा बाद करत नाहीत. 2011 मध्ये लागोपाठ दोन दिवस असे घडले, कॅव्हेंडिशचे दरवेळी 20 गुण कापले गेले आणि तरीही हिरवी जर्सी त्याचीच झाली. चिपोलिनीने हा खटाटोप केलाच नाही : टूरचे 12 टप्पे जिंकूनही तो डोंगर लागताच घरी परते आणि एकदाही पॅरिसपर्यंत पोहोचला नाही. 2003 मध्ये तो विश्वविजेता असतानाही आयोजकांनी त्याच्या संघाला निमंत्रण दिले नाही, आणि या निर्णयाला अन्यायकारक म्हणणे कठीण आहे.

अलीकडे घाटातील टप्पे आखूड करण्याकडे कल आहे, त्यामुळे प्रेक्षकांची करमणूक वाढली, पण स्प्रिंटरचा श्वास कोंडला, कारण अंतर कमी म्हणजे विजेत्याचा वेळ कमी, आणि कमी वेळाचे टक्के काढले की हाती मोजकीच मिनिटे उरतात. 2018 मध्ये ला रोझिएरच्या 108.5 किलोमीटरच्या टप्प्यात कॅव्हेंडिश आणि मार्सेल किटेल मर्यादेबाहेर जाऊन बाद झाले. दुसऱ्याच दिवशी आल्प द्युएझच्या वाटेवर ग्रायपेल, गाव्हिरिया आणि ग्रूनवेखन या स्प्रिंटरांनी शर्यत सोडली. कॅव्हेंडिशने 2021 मध्ये एडी मर्क्सच्या 34 टप्पाविजयांशी बरोबरी केली आणि 2024 मध्ये वयाच्या 39 व्या वर्षी सां-व्युल्बा येथे 35 वा टप्पा जिंकला, परंतु त्याच शर्यतीच्या पहिल्या दिवशी उष्म्याने आजारी पडलेल्या या गड्याला सहकाऱ्यांनी कसेबसे मर्यादेत आणले नसते तर हा विक्रम झालाच नसता.

सपाट रस्त्यावरचे हक्काचे दिवसही आता निर्धोक राहिलेले नाहीत. 1975 पासून शर्यतीची सांगता शांझ-एलिझेवर होऊ लागली आणि तेथील विजय हा स्प्रिंटरच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा मान समजला जाऊ लागला. 2025 मध्ये आयोजकांनी त्या अखेरच्या टप्प्यात मोंमार्त्र टेकडीचा चढ तीनदा घातला, बेल्जियमचा वाउट व्हान आर्ट तेथून सुटून एकटाच जिंकला, आणि हिरवी जर्सी घातलेला जोनाथन मिलान टेकडीवरून सर्वांपुढे निघालेल्या छोट्या गटातही नव्हता.