नांव आणि घटक

इसवी सन १८९१ मध्यें दोन अगदीं निराळ्या घटना घडल्या. कर्जत तालुका ठाणें जिल्ह्यांतून काढून कुलाबा जिल्ह्यास जोडण्यांत आला. आणि जर्मनींतील हाल्ले येथें गेऑर्ग कँटर या गणितज्ञानें आपल्या समव्यवसायी विद्वानांपुढें एक लहानसा निबंध मांडला. या दोन घटनांचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं. तथापि कँटरनें उभारलेल्या संचशास्त्राचा पहिला नियम समजून घेण्यास कर्जतच्या या स्थलांतराइतकें सोपें उदाहरण क्वचितच मिळेल.

निश्चित आणि परस्परांहून भिन्न अशा वस्तु एकत्र कल्पिल्या म्हणजे संच होतो. त्या वस्तु हे त्याचे घटक. संचाची ओळख घटकांवरून पटते, नांवावरून नव्हे. १८९१ सालीं कुलाबा हें नांव होतें तेंच राहिलें. पण कर्जत आंत आल्यानें जिल्ह्यांतील तालुक्यांचा संच बदलला. उलट १९८१ सालीं कुलाब्याचें नांव रायगड झालें. त्या नांवानें एकहि तालुका आंत आला नाहीं कीं बाहेर गेला नाहीं. नांवें दोन, पण घटक तेच. म्हणून हे दोन संच समान होत.

संचांचे मुख्य प्रकार अष्टविनायकांच्या आधारें चटकन् ध्यानांत येतात. हीं स्थानें आठच, मोजून संपणारीं. म्हणून हा सांत संच. यात्रेचा आरंभ मोरगांवापासून करण्याची रूढि आहे. परंतु संचाला क्रम ठाऊक नसतो. यात्रा कोठूनहि आरंभिली तरी संच तोच. या आठांपैकीं महड व पाली हीं दोन रायगड जिल्ह्यांत आहेत. तो मूळ संचाचा उपसंच. खालापूर तालुक्यापुरतें पाहिलें तर एकटें महड उरतें. तो एकघटक संच.

आतां कर्जत तालुक्यांतील अष्टविनायक कोणते? येथें उत्तर देणारा फसण्याचा संभव आहे. रायगडच्या कर्जतांत त्यांपैकीं एकहि नाहीं. तो संच रिक्त. परंतु पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतहि कर्जत तालुका आहे, आणि सिद्धटेक त्यांत येतें. व्याख्येंत ‘निश्चित’ हा शब्द कां हवा, तें यावरून उघड होईल. रिक्त संच म्हणजे संचाचा अभाव नव्हे. अंकांमध्यें शून्याला जें स्थान, तेंच संचांमध्यें त्याला आहे.

कर्जत व खालापूर या तालुक्यांत सामाईक असें एकहि गांव नाहीं. म्हणून त्यांतील गांवांचे संच विभक्त होत. टाटांच्या जुन्या जलविद्युत् केंद्रांपैकीं १९१५ सालचें खोपोलीचें खालापुरांत, तर १९२२ सालचें भिवपुरीचें कर्जतांत आहे. दोहोंकडे एकेक केंद्र, म्हणून संख्येनें हे संच तुल्य. पण केंद्रें वेगळीं, म्हणून समान मात्र नव्हेत.

तुल्यतेचा हाच विचार अनंत संचांना लावला, आणि गणितांत वादळ उठलें. गॅलिलिओनें १६३८ सालीं दाखविलें होतें कीं, १ ला १, २ ला ४, ३ ला ९ अशी जोडी लावीत गेल्यास प्रत्येक संख्येला एक वर्गसंख्या मिळते. म्हणजे भाग पूर्णाच्या तोडीचा होतो! तो तेथेंच थांबला. कँटर पुढें गेला. अनंत संचांतहि लहानमोठेपणा असतो, हें त्यानें १८७४ सालीं सिद्ध केलें, आणि १८९१ च्या निबंधांत त्याची फारच सुटसुटीत सिद्धता दिली. दोनच चिन्हांच्या अनंत ओळी एकाखालीं एक मांडाव्या. पहिल्या ओळींतील पहिलें चिन्ह उलटावें, दुसऱ्या ओळींतील दुसरें, आणि असेंच पुढें. उलटलेल्या चिन्हांची जी नवी ओळ बनेल, ती मांडलेल्या प्रत्येक ओळीहून कोठें ना कोठें भिन्न असते. यादी कितीहि लांबवा, ती अपुरीच! कोणत्याहि संचाहून त्याच्या उपसंचांचा संच मोठा, हेंहि याच युक्तीनें सिद्ध होतें. अष्टविनायकांचे उपसंच रिक्त संच धरून २५६ होतात. अनंताच्या बाबतींत ही वाढ कोठेंच थांबत नाहीं.

बर्लिनचा नामांकित गणितज्ञ क्रोनेकर यानें या विचारांना कडवा विरोध केला. कँटरला पुढें मानसिक आजारानें वारंवार घेरलें. १९१८ सालीं हाल्ले येथील रुग्णालयांतच त्याचा अंत झाला. दरम्यान १९०१ सालीं रसेलनें एक कोडें पुढें आणलें: जे संच स्वतःचे घटक नाहींत, त्या सर्वांचा संच स्वतःचा घटक आहे काय? होय म्हटलें तर नाहीं ठरतें, आणि नाहीं म्हटलें तर होय! कोणतीहि अट सांगून हवा तो संच कल्पितां येत नाहीं, हें त्यावरून कळलें. आणि १९०८ सालीं झर्मेलोनें शास्त्राला नियमांची चौकट घालून दिली.

ज्या कल्पनेसाठीं एका विद्वानानें इतका विरोध सोसला, ती पुढें शाळकरी मुलांच्या हातीं आली. महाराष्ट्रांत २०१७ सालीं निघालेल्या नववीच्या गणिताच्या पुस्तकांत संच हेंच पहिलें प्रकरण आहे. कर्जत-खालापूरच्या विद्यार्थ्याला त्याचीं उदाहरणें दूर शोधावयास नकोत. आपला जिल्हा कोणता, या साध्या प्रश्नाच्या उत्तरांतच नांव आणि घटक यांतला भेद त्याला सांपडेल.